शेखर परत येतो का, रंजे?

रंजे, तू असतीस तर पहिल्याच ओळीला मला झापलं असतंस. "मेलेल्या माणसासंग काय बोलून राह्यली वं कुंदे? त्याले कान कुठी हाये?" माणूस मेला की संपला, हे तू मला शाळेपासून सांगत आलीस आणि मी शाळेपासून तुझ्याशी भांडत आले. आता भांडायला समोर कोणी नाही. तुझ्याबद्दल 'ती' म्हणून लिहून पाहिलं, पण चार शब्दांपुढे हात सरकेना. तेव्हा मी 'तू' म्हणूनच बोलणार. तुला पटत नसेल तर येऊन सांग.

तू कधी जन्मलीस, काय शिकलीस, हे लिहिण्यात मला रस नाही. वडशात ज्यांना तू माहीत होतीस त्यांना माहीत आहेस. इतरांसाठी एवढं पुरे की तू एटापल्लीच्या पुढच्या एका आश्रमशाळेत बाई होतीस, श्रावणात तुला ताप आला, मलेरिया डोक्यात गेला, आणि तुला दवाखान्यात नेणारी जीप नाल्याच्या अलीकडे पूर ओसरायची वाट पाहत उभी राहिली. पूर ओसरला तेव्हा पुढे जायचं कारण उरलं नव्हतं. जीप मागे फिरली.

तुझी पेटी मी घेऊन आले आहे. ती आणायला गेले तेव्हा तिथे जे झालं ते तुला सांगायचं आहे, आणि ते मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. घरात सांगितलं तर म्हणतील, एवढंच ना, पोरींना गोष्ट सांगितली. ते एवढंच नव्हतं हे फक्त तुला कळेल. पण त्यासाठी आधी मोतीरामभाऊच्या दुकानापासून सुरुवात करायला हवी.

रेल्वे फाटकाजवळ मोतीरामभाऊचं सायकलचं दुकान होतं. पुढे पंक्चर काढायची जागा, आणि मागच्या फळ्यांवर भाड्याने द्यायच्या कादंबऱ्या. कव्हरवर पांढऱ्या साडीतली, मोकळ्या केसांची मुलगी, मागे चंद्र आणि एखादा ओसाड बंगला. आत ठासून भरलेलं प्रेम. कॉलेजातल्या पोरीचं कोणावर तरी मन बसायचं, तो तरी मेलेला निघायचा नाहीतर मध्येच मरायचा, आणि मग मेल्यावरही तिच्यासाठी येत राहायचा. पोरापोरींच्या त्यावर उड्या पडायच्या. प्रत एकेकच आणि मागणारे ढीगभर, म्हणून मोतीरामभाऊने त्याच्या डोक्याने तोड काढली. कादंबरी आली की तो तिला सुरीने मधोमध कापायचा, दोन्ही तुकड्यांना खाकी पुठ्ठा चिकटवायचा आणि वर निळ्या शाईने लिहायचा: पहिला, दुसरा. कापताना तो जाडी पाहायचा. मध्ये प्रकरण तुटतंय की वाक्य तुटतंय, याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं. एकाच वेळी दोघांना वाचायला मिळायचं, आणि दोघेही शिव्या घालायचे.

त्या दिवशी फळीवर 'दुसरा' तेवढा शिल्लक होता, म्हणून मी तो उचलला. बाहेर आले तर तू फाटकाच्या कठड्यावर बसून त्याचाच 'पहिला' वाचत होतीस. माझ्या हातातलं पाहून म्हणालीस, "तुह्याजवळ शेवट हाये, माह्याजवळ सुरुवात. बस इथी." मी बसले. तेव्हापासून तेच ठरून गेलं. तू पहिला न्यायचीस, मी दुसरा, आणि दोन दिवसांनी आपण एकमेकींना सांगायचो. पुढे कधीतरी ते पहिले भाग मी स्वतः वाचले तेव्हा कळलं की त्यातलं अर्धं तू पदरचं घातलं होतंस. त्या नायिकांना तू भावंडं दिली होतीस, नोकऱ्या दिल्या होत्या, एकीला तर रेल्वेत तिकीट तपासायला लावलं होतंस. छापील पुस्तक वाचून मला फसवल्यासारखं झालं.

एकदा तू एक अर्धं पुस्तक आमच्या घरी आणून दिलंस. तू आमच्या अंगणाबाहेर पडलीस आणि आत्याने त्याच्यावर पाणी शिंपडलं. मी ते तुझ्यापासून लपवायचं ठरवलं होतं, पण पानं फुगून बसली, लपणार कशी? तू ते पुस्तक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलंस आणि म्हणालीस, "तुही आत्या भुताले पानी मारून राह्यली, का मले?" मग स्वतःच हसलीस. मला हसू आलं नाही. त्यानंतर पुस्तकं आपण फाटकावरच बदलली आणि तू आमच्या दारात पुन्हा कधी आली नाहीस.

तुमच्या घरची तऱ्हा वेगळी होती. तुझे बाबा रेल्वेत गँगमन, दीक्षा घेतलेल्या पिढीतले, बोलायला कडक. भिंतीवर एकही देव नाही आणि असल्या पुस्तकांचा भारी राग. मी बसले असतानाच ते तुला म्हणाले होते, "घरातून देव काढले आमी. तू भुताले काऊन घेऊन येऊन राह्यली?"

"बाबा, भूत खोटं हाये, मले मालूम हाये," तू म्हणालीस. "पन त्या पोरीचं रडनं खोटं नाई न."

बाबांनी बिडी पेटवली, ते बाहेर गेले, आणि दारातून परत डोकावून विचारलं, "मंग आला का तो परत?"

तो नेहमी परत यायचा, हेच तर तुझं दुखणं होतं. त्या कादंबऱ्यांचे शेवट तुला कधी पटले नाहीत. पहाट व्हायची, नायिकेच्या आसवांना फळ यायचं आणि मेलेला धडधाकट उभा राहायचा. "फसवून राह्यले लेकाचे," तू म्हणायचीस. तुझं म्हणणं, शेवटी तिला कळलं पाहिजे की तो गेला, आणि तरी तिने दुसऱ्या दिवशी उठून वेणी घातली पाहिजे. मी म्हणायची, मग वाचायचं कशाला? वेणी घालणाऱ्या बायका मला घरात दिसतात की. तू चिडायचीस. मी जास्त चिडायची. फाटक पडायचं, मालगाडी जायची, फाटक उघडायचं, आणि आपण तिथेच असायचो.

मग माझं लग्न होऊन मी सिंदेवाहीला गेले आणि तू डी.एड. करून जंगलात. एकटी पोरगी कशी राहील म्हणून तुझ्या मायला जो तो भीती घालत होता. तू सुट्टीत आलीस तेव्हा काळवंडली होतीस आणि आधीपेक्षा मोठ्याने बोलत होतीस. तिथे नाल्याच्या पलीकडून हाका मारून सवय झाली, म्हणालीस.

माझ्या बाळाचं इथे लिहायचं नव्हतं. पण त्याच्याशिवाय पुढचं कोणाला कळणार नाही.

थंडीत त्याची छाती भरली आणि तो गेला. नुकता बसायला लागला होता. घर माणसांनी भरलं आणि प्रत्येक बाई एकच बोलत होती, "रडू नको बाई, तोच येते तुह्या पोटी परत." सासूबाईंनी त्याला नेण्याआधी त्याच्या तळपायाला काजळाचं बोट लावलं. पुढच्या बाळाला तिथे डाग असला की तोच आला हे ओळखता यावं म्हणून. आमच्यात लावतात. मी ते काजळाचं बोट डोळ्यांसमोर धरून पुढचे दिवस काढले. तू दोन बस बदलून आलीस, जंगलातल्या मधाची बाटली घेऊन. मी तुला ते काजळाचं सांगितलं. तुझ्याकडून हो ऐकायचं होतं मला, रंजे, फक्त मान हलवली असतीस तरी चाललं असतं. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "नाई येनार, कुंदे. तो नाई येनार."

मी तुला निघ म्हटलं. बसला वेळ होता, म्हणून तू बाहेर ओट्यावर जाऊन बसलीस. सासूबाईंनी तुला चहा नेऊन दिला की नाही, मी पाहिलंही नाही.

नंतर मुलगी झाली. तिला माझ्या हातात दिली तेव्हा मी आधी तिचे तळपाय पाहिले. कोरे होते. ती माझी फार लाडकी आहे, पण ती ती आहे, तो नाही. तेव्हा कुठे मला कळायला लागलं की त्या भरल्या घरात सगळ्यांनी माझ्या मुलाची जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली होती, आणि तू एकटी म्हणाली होतीस की तो गेला. तोच गेला, त्याच्यासारखा दुसरा नाही. यासाठी मला तुझे आभार मानायचे होते. तू भेटलीस की तो विषय आपण दोघी टाळायचो. मी म्हणायची, पुढच्या खेपेला बोलू.

मोतीरामभाऊने दुकान आवरलं ते त्याच्यानंतर. फळ्यांवर पाहिलं तर सगळे पहिलेच भाग. पहिला भाग परत यायचा, कारण माणसाला दुसरा हवा असायचा. दुसरा एकदा हाती लागला की कोण कशाला परत आणतो? इतकी वर्षं धंदा करून त्या माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. थंडीत गावोगावी खेळ लावणारे नाटकवाले येऊन त्यातला एखादा भाग न्यायचे आणि पुढचा अंक आपल्या मनाने लावायचे, बाकी गठ्ठा चिवडा बांधायला जाणार होता. तो सगळा तू उचललास. मी म्हटलं, शेवट नसलेली पुस्तकं काय करायची आहेत?

"मले शेवट नकोच हाये," तू म्हणालीस. "माह्या पोट्ट्या पळून जातेत."

पुढच्या सुट्टीत तू आलीस तेव्हा वडशाच्या फलाटावर बसून तू मला समजावलंस. तुझ्या पोरी माडिया आदिवासी, दूरदूरच्या गावांतल्या. शाळेत आणून ठेवलं की काही दिवसांनी जंगलातून चालत घरी पळतात. तू त्यांच्या गावी जायचीस, बापाशी बोलायचीस, आईच्या चुलीजवळ बसायचीस, एकेकीला परत आणायचीस. महिनाभराने पुन्हा पळायच्या. आता तू रोज दिवेलागणीला त्यांना ही पुस्तकं वाचून दाखवायला लागली होतीस, थोडं मराठीत, थोडं तुला आलेल्या गोंडीत. आणि नेमकं पोरी श्वास धरून बसल्या की पुस्तक मिटायचं. उद्या.

"उद्यासाठी राह्यतेत बिचाऱ्या," तू म्हणालीस. "एक पोट्टी नाई पळाली ह्या सालात."

पुस्तक अर्ध्यावर संपलं की पुढचं तू तोंडाने सांगायचीस, ताणून ताणून, आणि ते संपायच्या आत दुसरं सुरू करायचीस. मी विचारलं, आणि तुझ्या शेवटात मेलेले परत येतात का? तू हसलीस. म्हणालीस, "ते माह्या पोट्ट्याइले मालूम." मला वाटलं, हे काय विचारायचं? नसणारच येत. तुला मी ओळखत होते ना.

तू गेल्यावर तुझ्या भावाबरोबर, विजयबरोबर, मी तुझ्या शाळेत गेले. पुढचा रस्ता शाळेच्या जीपने. तीच जीप असावी, मी विचारलं नाही, विजयनेही नाही. तुझा भाऊ सगळा वेळ बाहेर सागाकडे पाहत होता. हेडमास्तरांनी आम्हाला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, मुलींना आम्ही काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "बाई गडचिरोलीला दवाखान्यात आहेत, एवढंच सांगितलंय. कळलं तर इथं एक मुलगी थांबणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्या की मग हळूहळू सांगू. तुम्ही कृपा करून काही बोलू नका."

माणूस वाईट नव्हता. डोळे सुजलेले होते त्यांचे. मी हो म्हटलं.

विजय त्यांच्याबरोबर कागदांवर सह्या करायला थांबला आणि मी तुझ्या खोलीत गेले. मच्छरदाणी तू दिवसा गाठ मारून वर टांगायचीस तशीच टांगलेली होती. ती गाठ मला सोडवत नव्हती, म्हणून दोरी कापली. कपडे भरले, चपला भरल्या. पुस्तकं खिडकीत रचलेली होती, आणि सगळ्यात वरच्या पुस्तकात खूण म्हणून बांबूची कामटी होती. उघडलं तर आपला फटफटीवाला शेखर.

तुला आठवत असेल माझं त्या पुस्तकाचं वेड. शेखर लग्नाच्या आदल्या दिवशी घाटात फटफटीवरून पडून मरतो, आणि मग रोज संध्याकाळी मालतीला फाटकाबाहेर त्याच फटफटीचा आवाज ऐकू येतो. घरचे म्हणतात वेड लागलं. एक दिवस ती ठरवते की आज जाऊन पाहायचंच, अंगणात उतरते, फाटकाची कडी काढते, आणि तिथे मोतीरामभाऊची सुरी. दुसरा भाग मी तीनदा वाचला होता. शेखर फाटकाबाहेर उभा असतो. कपाळावर जखमेचा वण, बाकी होता तसा.

पेटी ओढत मी पडवीत आणली तर तुझ्या पोरी तिथे बसलेल्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यात जी मोठी होती ती माझ्याजवळ आली. नाव बुधरी. तिने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू बाईची मैतरीण हाये न? ते फाटकावरची?"

मी हो म्हटलं. तू त्यांना माझं सांगितलं होतंस.

"बाई म्हने शेवट तुले माहीत राह्यते." ती खाली बसली तशा सगळ्या सरकून जवळ आल्या. "मालतीनं कडी काढली. मंग बाईले ताप आला. बाई म्हने ताप उतरला का सांगतो. शेखर आला का?"

पेटी आवाराबाहेर जाणार हे त्यांना दिसत होतं. ती का जाते आहे हे एकीनेही विचारलं नाही. फक्त शेखर आला का.

मी टाळायला हवं होतं. बाईच सांगतील म्हणायला हवं होतं, पण ते खोटं माझ्या तोंडून निघेना. आणि मला वाटलं, रंजीच्या पोरी आहेत, रंजीची गोष्ट आहे, निदान ही एक गोष्ट तिच्या मनासारखी पुरी होऊ दे. छापलेला शेवट मला पाठ होता. माझ्या मनातला शेवट तोच होता, आजही आहे. तो मी बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूने बोलायचं ठरवलं, रंजे.

मी सांगितलं की मालतीने कडी काढली, ती रस्त्यावर आली. समोरून फटफटी आली. तिच्यावर दवाखान्यातला कंपाउंडर होता. त्याचं घर पुढच्या गल्लीत, रोज त्याच वेळेला तो कामावरून घरी जायचा. मालती रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याला जाताना पाहत राहिली. मग तिला कळलं. शेखर घाटात पडला होता, तो मेला होता. आणि मेलेलं माणूस परत येत नाही. आपला कितीही जीव असला तरी येत नाही. मालती घरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने वेणी घातली. एवढं मला म्हणायचं होतं. वेणीपर्यंत मी पोचले नाही. त्याच्या आधीच मी त्या पोरींसमोर ढसाढसा रडले.

बुधरी माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती. तिला शेखर कोण आहे हे चांगलं ठाऊक होतं, आणि शेखरसाठी कोणी असं रडत नाही हेही.

"बाई पन?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांना तेवढं पुरलं.

मागून एक लहानशी पोर मोठ्याने म्हणाली, "हिल्ले!" त्यांच्या बोलीत नाही. तोंड रागाने लाल झालं होतं तिचं. "हे खोटी हाये. बाई असं नाई सांगत."

"बाईच्या गोष्टीत सगळे येतेत," बुधरी म्हणाली. तिला माझा राग आला नव्हता, ती मला समजावून सांगत होती. "विहिरीतला आला. बंगल्यातली आली. सगळे वापस येतेत. ते लहान लेकरू थंडीत मेलं होतं, ते पन आलं. मायच्या मांडीवर येऊन बसलं. आमी रोज तेच सांग म्हनत होतो, बाई रोज सांगे."

रंजे, त्या कादंबऱ्यांत लहान लेकरू कुठेच नाही. मी एकूण एक वाचल्या आहेत. वीस-बाविशीच्या आसपासची माणसं सोडली तर त्यांच्यात कोणी मरत नाही.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, थांबा गं, चुकलं माझं, मी दुसरंच पुस्तक सांगितलं. शेखर येतो. कडी काढली तर बाहेर शेखरच उभा होता, कपाळावर वण होता, तो म्हणाला मालती. मी घाईघाईने सगळं सांगत गेले. त्या ऐकत होत्या, पण मोठ्या माणसाचं ऐकतात तशा. बुधरीने माझं बोलणं संपू दिलं.

"आता नाई येत," ती म्हणाली. "तू सांगतलं न."

मग ती उठली. एकीमागून एक सगळ्या उठल्या आणि आत गेल्या. दारातून मला दिसत होत्या. कोणी रडत नव्हतं. भिंतीवरच्या खुंट्यांचे फ्रॉक काढून त्या गाठोडी बांधत होत्या, मोठ्या लहानींना मदत करत होत्या. हेडमास्तर धावत आले, ओरडले, मग विनवू लागले, मग फाटकात हात पसरून उभे राहिले. पोरी फाटकातून गेल्याच नाहीत. मागच्या बाजूला कुंपणात त्यांची वाट होती, जुनी, त्या सालात न वापरलेली. विजय माझ्याकडे पाहत विचारत होता, काय झालं, काय बोललीस तू? जीप सुरू झाली तेव्हा आवारात कोणी नव्हतं. तू ज्यांच्या गावी जाऊन, ज्यांच्या चुलीजवळ बसून एकेकीला आणलं होतंस, त्या तुझ्या सगळ्या पोरी एका दुपारी गेल्या. त्यांना परत आणायला आता तू नाहीस, आणि दुसऱ्या कोणाला त्यांची गावंसुद्धा नीट माहीत नाहीत.

पेटी तुझ्या मायजवळ ठेवली आहे. पुस्तकं तू घेऊन जा, माय मला म्हणाली. मी आणली नाहीत.

घरी आल्यापासून मी एकाच गोष्टीशी भांडते आहे. तू माझ्या मुलाला परत आणलंस. रोज आणलंस, अनोळखी पोरींसाठी, त्यांनी मागितला म्हणून. त्याला आईच्या मांडीवर बसवलंस. आणि ज्या बाईची ती मांडी होती तिला तू हात धरून सांगितलंस, नाई येनार. तुला नंतर वाईट वाटलं होतं का? मला सांगायला आली होतीस का, त्या फलाटावर, आणि मीच विषय बदलला? की पोरी लहान आहेत, त्यांना सोसायचं नाही, आणि कुंदा मोठी आहे, तिला सोसेल, असा हिशेब होता तुझा? तसंच असेल. मी दणकट आहे असं तुला नेहमीच वाटायचं.

मला नाही सोसत, रंजे. तेव्हाही नव्हतं सोसलं.